पाटीवरचे मणी ते पडद्यावरचे मणी

आपल्यापैकी बहुतेकांच्या पहिल्या पाटीच्या चौकटीत तारेत ओवलेले रंगीत मणी होते. गणित शिकण्याचे आपल्या हाती आलेले ते पहिले यंत्र. आज पहिलीच्या वर्गात भिंतीवर टीव्ही असतो, गुरुजींच्या हातात मोबाइल असतो आणि मणी पडद्यावर सरकतात. यंदा आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यावी हा विषय निघाला आहे, म्हणून मोजायला शिकवण्याच्या साधनांचा हा छोटासा इतिहास. पुढे मीही पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे सांभाळले. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अंक गिरवत. सगळा भर मात्र पाठांतरावर. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे उगाच नव्हते. रुपयाचे १६ आणे, मणाचे ४० शेर, असा तो व्यवहार होता आणि पावकी येणारा मुलगा दुकानात फसत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले आणि औटकीचे काम संपले. आपल्या आजोबांना ती घडाघडा येत होती, आपल्याला तिचे नावच तेवढे ठाऊक.

पाठांतराने आकड्यांची नावे पक्की होत. पण नाव येणे वेगळे आणि ‘किती’ हे कळणे वेगळे. हा फरक ओळखणाऱ्यांत मारिया माँटेसोरी यांचे नाव मोठे. त्यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांत एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभरांचा चौकोन आणि हजारांचा घन असतो. हजार म्हणजे केवढे, हे मुलाच्या हाताला वजनानेच कळते.

ही साधने महाग होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या परिसरात गेले. तिथे मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर शाळाच त्याच्या अंगणात गेली. साधनेही परिसरातलीच झाली: बिया, खडे, पाने, शिंपले. पैशांची अडचण होती, पण मूळ तत्त्व सुटले नाही. वस्तू मुलाच्या हातात, एका वस्तूला एक आकडा.

पुढची पावले सरकारी होती. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून शाळांना शैक्षणिक साहित्य मिळाले, त्यात गणिताची पेटीही होती. अनेक ठिकाणी ही पेटी हरवेल म्हणून कपाटात कुलूपबंद राहिली, हे आपल्यातले शिक्षक हसत हसत कबूल करतील. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनच्या पडद्यावर मराठी शालेय कार्यक्रम आले. नंतर संगणक, टॅब आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आले. क्यूआर कोडच्या वापराबद्दल सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी जगभर ओळखले गेले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद झाल्या. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. ती बघणाऱ्या मुलाने नुसते बसून राहायचे नव्हते. घरातल्या वस्तू घेऊन आई-बाबांबरोबर करून बघायचे होते. पडद्याचा हा मला सर्वांत शहाणा उपयोग वाटतो. पडदा सांगतो, पण मोजतो मुलाचा हात.

हात का हवा, याचे एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र पाच आधी. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. म्हणूनच दुसरीतली कितीतरी मुले ५२ ऐवजी २५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असे वाचन जुन्या वाचनाबरोबर आले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीवर सगळीकडून टीका झाली. ‘बावन्न’ हा शब्द मलाही प्रिय आहे, तो जायला नको. पण मुलाची अडचण खरी आहे. पाच दहाच्या जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या की ती सुटते. नुसत्या गाण्याने सुटत नाही.

टीव्हीवरचे गाणे मुले महिनाभरात पाठ म्हणतात आणि पालक खूश होतात. पारख मात्र सोपी आहे. मुलाला सात बिया मोजायला लावा आणि लगेच विचारा, ‘मग किती झाल्या?’ मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे त्याला अजून उमगलेले नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात मोजणीची जी तत्त्वे मांडली, त्यांत हे एक आहे. आपल्या बाईंना ते पुस्तक न वाचताही कळत होते. त्या मणी सरकवून झाले की मुठीत झाकत आणि विचारत, ‘आता सांग, किती?’

म्हणून माझी सूचना अशी. टीव्ही जरूर द्यावा. काळाबरोबर शाळेने चालायला हवे आणि गावातल्या मुलाला ते साधन मिळायलाच हवे. पण त्याच रकमेतून पहिलीतल्या प्रत्येक मुलाला शंभर मण्यांची एक माळ, दहा-दहाच्या जुड्या बांधायला काड्या आणि रबर द्यावेत. हे साहित्य कपाटात नको, मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावे. काही मणी हरवतील. ते दर जूनमध्ये आपणच भरून देऊ.