बांबू गवत की झाड? एका शब्दाने बदललेली जंगलाची मालकी

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. भात, गहू, ऊस यांच्याच कुळातले. मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ या शब्दाखाली ताड, वेत, खुंट, झुडपे यांच्यासोबत बांबूही घातला गेला. ही केवळ शब्दांची चूक वाटेल; पण या एका शब्दावर गडचिरोलीतल्या हजारो कुटुंबांची मजुरी आणि मालकी पुढे कित्येक दशके अडून राहिली.

या गोष्टीचे मूळ त्याहून जुने आहे. १८७८ चा वन कायदा घडत होता तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांतच दोन पक्ष होते. बेडन-पॉवेल यांच्या मते जंगल सरकारचे. लोक तिथून लाकूडफाटा आणतात ती सवलत, हक्क नव्हे. देशाचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ. गावांना स्वतःची जंगले असावीत, त्यांचा सांभाळ गावांनीच करावा, असे त्यांचे म्हणणे. कायदा झाला तो मुख्यतः पहिल्या पक्षाच्या मनासारखा. ब्रँडिस यांच्या वाट्याला ‘ग्रामवन’ नावाचे एक प्रकरण तेवढे आले, आणि त्याचीही रचना मोठी मासलेवाईक : जंगल आधी सरकारने राखीव करून ताब्यात घ्यायचे, मग वाटल्यास गावाला द्यायचे. सरकारला असे क्वचितच वाटले.

गडचिरोलीचा हा मुलूख पूर्वी जमीनदारीचा. १९५० च्या दशकाच्या आरंभी मध्य प्रांतातली जमीनदारी गेली आणि तिच्याखालची जंगले राज्याकडे आली. गावकऱ्यांना घर-शेतीपुरते लाकूड, बांबू, गवत घेण्याचे ‘निस्तार’ हक्क कागदावर मिळाले. पुढे कागद कारखान्यांना बांबूचे दीर्घ मुदतीचे ठेके दिले गेले. ज्या बांबूतून पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या, सुपे आणि घराच्या भिंती झाल्या, तो गाड्या भरून बाहेर जाऊ लागला आणि गोंड माणूस त्याच जंगलात तोडणीचा मजूर झाला.

गडचिरोली-धानोरा रस्त्यावरचे मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, तेव्हा हे गाव त्यात होते. धरणे बारगळली, परंतु गावाला बोलण्याची सवय लागली. त्याच सुमारास गावाने सागाच्या लाकडाचे गोटूल, म्हणजे तरुण मुलामुलींचे सामुदायिक घर, बांधले. लाकूड बेकायदा ठरवून वन खात्याने ते मोडून नेले. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन उत्तर दिले ते पुन्हा गोटुले बांधूनच!

देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती यांनी नंतर जे घडवले, त्याला मोर्च्याइतकी प्रसिद्धी मिळत नाही. महत्त्वाचे मात्र तेच आहे. गावाने अभ्यासगट काढले. कायदे वाचले, निस्ताराचे कागद शोधले. ग्रामसभेत मतदान नाही. सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय नाही, मग बैठका कितीही होवोत. जंगलात अतिक्रमण नको, वणवा नको, राखणीची पाळी प्रत्येक घराची, आणि बाहेरच्या कोणालाही ग्रामसभेला विचारल्याशिवाय काम करता येणार नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. तिच्यात पहिल्या सरकारला नकार नाही, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने ग्रामसभेला सामूहिक जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. शिवाय गौण वनोपजाच्या यादीत तेंदू, मध, लाख यांच्याबरोबर बांबूचे नाव स्पष्ट लिहिले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत शेजारच्या मर्द्यासह मेंढ्याचे नाव येते.

प्रश्न सुटला असे वाटावे, तर इथेच खरी अडचण उभी राहिली. बांबू तोडता येईल, पण रस्त्यावरून नेण्यासाठी वाहतूक पास हवा, आणि तो देणार वन खाते. खात्याची भूमिका : १९२७ च्या कायद्यानुसार बांबू हे झाड, म्हणजे लाकूड, ते गौण वनोपज कसे? लाकडाची चोरी रोखायला पासांवर पकड हवी, हा त्यामागचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. परंतु हक्क गावाचा आणि शिक्का खात्याचा, अशा मालकीला अर्थ उरत नव्हता.

गाव हटले नाही. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक पासांचे पुस्तक देण्यात आले. आपल्या जंगलातला बांबू आता ग्रामसभा स्वतःच्या सहीने विकू शकत होती.

१९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द निघाला तो २०१७ मध्ये. त्या दुरुस्तीचा उद्देश मात्र शेतात बांबू लावणाऱ्यांची सुटका एवढाच होता. जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे आणि तो नेण्यासाठी पास लागतो. मेंढ्यात तो ग्रामसभा देते.