औषधचिठ्ठीतील माहिती : खासगीपणा आणि कंपन्यांचा भाषणस्वातंत्र्याचा दावा

कोणत्या डॉक्टरने कोणते औषध लिहून दिले याची औषधदुकानात जमणारी माहिती मिळवून ती विक्रीवाढीसाठी वापरण्याचा कंपन्या सांगत असलेला हक्क आणि खासगीपणामुळे त्याला पडणारी मर्यादा, यांविषयीचा कायदेशीर वाद. त्यातला सर्वांत गाजलेला निकाल अमेरिकेचा. व्हरमाँट राज्याने 2007 मध्ये डॉक्टरनिहाय नोंदी त्यांच्या संमतीवाचून विकण्यास व औषधप्रचारासाठी वापरण्यास बंदी घातली. ‘सॉरेल विरुद्ध आयएमएस हेल्थ’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 23 जून 2011 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. माहिती तयार करणे व पुरवणे हेही भाषणच, आणि संशोधनाला वाट मोकळी ठेवून फक्त प्रचार अडवणे हा पक्षपात, असे बहुमताचे म्हणणे होते. नोंदींतून रुग्णांची नावे आधीच वगळलेली असल्याने त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न मागे पडला.

आपल्याकडे, उदाहरणार्थ ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत, मात्र नाव वगळून फारसे काही झाकले जात नाही. महानगरात एका डॉक्टरच्या नावामागे हजारो रुग्ण दडतात. डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईसारख्या बाजारगावी कोणत्या पाड्यावरची माणसे कोणत्या दवाखान्यात जातात हे गावाला ठाऊक असते. क्षयाची औषधे, नवी प्रतिजैविके आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या औषध नियमांच्या ‘एच-1’ परिशिष्टात येतात. त्या विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे ठेवणे 1 मार्च 2014 पासून दुकानदारांवर बंधनकारक आहे. यातले रुग्णाचे नाव खोडले तरी डॉक्टर, तारीख आणि औषध एवढ्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. शिवाय आपल्याकडे माहिती काढण्याची जुनी रीत तोंडीच आहे : कंपनीचा एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) मेडिकलवाल्याला विचारतो, कोणता डॉक्टर कोणता ब्रँड किती लिहितो. धंद्यात याला आरसीपीए म्हणतात. त्यासाठी वही उघडावी लागत नाही, दुकानदाराची आठवण पुरते.

या व्यवहाराला भारतीय संविधानाचे कलम 19(1)(अ) वाचवील असे दिसत नाही. मुंबईतून निघालेल्या ‘टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम’ खटल्यात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले, हे खरे. पण त्यामागचे एक मुख्य कारण म्हणजे ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क. आरसीपीएत माहिती उलट वाहते : जनतेला काहीच कळत नाही, कंपनीला डॉक्टर कळतो. म्हणून हा मुळात व्यापार आहे, आणि व्यापारावर जनहितार्थ वाजवी बंधने घालता येतात. त्यात कलम 19 चे हक्क फक्त नागरिकांचे, आणि कंपनी ही नागरिक नव्हे, हे 1963 मध्येच ठरले. तिला ते हक्क भागधारकांच्या आडून मागावे लागतात. दुसऱ्या पारड्यात पुट्टस्वामी निकालाने 2017 मध्ये मूलभूत ठरवलेला खासगीपणाचा हक्क आहे.

माहिती रोखली तर साथी कशा कळणार, हा आक्षेप वजनदार आहे. पण क्षयरुग्णांची माहिती औषधविक्रेत्यांनी सरकारी यंत्रणेला कळवावी, असे 2018 च्या अधिसूचनेने ठरवले आहेच. ती वाट ठरावीक हेतूची आहे. तिच्या आधाराने विक्रीचे लक्ष्य ठरवण्याची मुभा मागता येत नाही. बाजाराचा अंदाज हवा असेल, तर जिल्हानिहाय एकत्रित आकडे पुरेत. पक्षपाताचा अमेरिकी आक्षेपही इथे लागू पडत नाही, कारण 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केवळ प्रचाराला वेगळे काढून अडवत नाही. त्याच्या व्याख्येत डॉक्टरचे नावही वैयक्तिक माहितीच ठरते, आणि एमआरने ते अॅपमध्ये भरले की कायद्याच्या कक्षेत येते. कागदावरच राहिलेली दुकानातली वही मात्र त्या कायद्याबाहेर आहे. तिच्यातला तपशील विक्रीसाठी कोणालाही देऊ नये, अशी स्पष्ट अट औषध नियमांतच घालायला हवी.