माळवदाचा गुन्हा काय?

किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मातीच्या धाब्यांनी माणसं मारली. मला हा निकाल अर्धाच वाटतो.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण; घर किती मोठं ते खणांत सांगत. बाहेरून दगडमातीची भिंत, दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड. उन्हाळ्यात आत गारवा. धान्याला बळद. दारातून आत शिरलं की आधी गुरं, मग माणसं. आमच्या दादीच्या घरी म्हशीला वळसा घालूनच चुलीपाशी जावं लागे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

पांढरी माती कुठली? गावाचे दोन भाग: कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. पिढ्यानपिढ्या पडलेल्या घरांची माती, राख, शेण मुरून गावठाणाची जमीन पांढरट होते. ही माती दाबून बसते, पाणी चटकन झिरपू देत नाही. म्हणून पडक्या गढीतून, ओसाड टेकाडांतून ती गाड्या भरून आणत. तेरला अशाच टेकाडांत सातवाहनकाळाचे अवशेष निघाले. पूर्वजांच्या घरांची माती नातवंडांच्या डोक्यावर! पुरातत्त्ववाल्यांनी कपाळाला हात लावला असेल, तो भाग वेगळा.

मृगाआधी धाब्यावर नवा थर पडे. जुना उतरवायचे कष्ट कोण घेणार? काही धाब्यांवर दोन-दोन फूट माती साचली. हे ओझं खोटं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे आठ हजार माणसं गेली. नंतर अभियंत्यांनी पडझड तपासली, तेव्हा अनेक घरांत लाकडी सांगाडा उभाच दिसला. कोसळल्या होत्या त्या भिंती. भिंत म्हणजे दगडांचे दोन पदर आणि मध्ये गोटे-मातीचा भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादऱ्यासरशी पदर फाकले. दोष बांधणीतल्या या कसुरीचा आणि साचलेल्या मातीचा होता, खांब-तुळयांच्या पद्धतीचा नव्हे.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. सरळ रस्ते, सिमेंटची घरं. पण गुरं बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, याचा विचार फारसा नव्हता. मग लोकांनीच मागेपुढे गोठे उभे केले. जी गावं जागेवर राहिली, तिथं जुनी घरं सुधारता येत होती: भिंतीला भोकं पाडून आरपार काँक्रीट भरायचं, कोपरे बांधून घ्यायचे, धाब्यावरची जादा माती उतरवायची. पुष्कळांनी त्यापेक्षा शेजारी पत्र्याची खोली बांधली. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही, हेही खरं.