रक्ताची मापं आणि आपली माणसं



२०१५ साली आम्ही कुवेतमध्ये एगैलाला राहत होतो आणि नर्सिंगच्या नोकरीत होतो. त्या वर्षी २६ जूनला तिथल्या एका मशिदीत बॉम्बस्फोट झाला आणि लगोलग कायदा आला: नागरिक असो की परदेशी, प्रत्येकाने डीएनएचा नमुना द्यायचा. नकार दिला तर वर्षभर कैद आणि दहा हजार दिनारपर्यंत दंड. आम्ही नर्सेस चहाच्या सुट्टीत त्यावरच बोलत असू. ज्यांना नागरिकत्वच नाही असे तिथले 'बिदून' लोक जास्त धास्तावले होते. आज गुन्हेगार शोधायला घेतलेला नमुना उद्या "तू इथला नाहीस" हे ठरवायला वापरतील, अशी त्यांची भीती. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

आम्ही सुटकेचा श्वास सोडला. "तू इथला नाहीस" हे वाक्य आपल्या लोकांना फार जुनं आहे.

माणसाची लायकी त्याच्या अंगावरून मोजायची, याचं एकेकाळी शास्त्र झालं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने त्याला 'युजेनिक्स' नाव दिलं. आपल्याकडे ते 'सुप्रजाजननशास्त्र' म्हणून आलं. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले हे नाकाच्या लांबीरुंदीवरून जातींची चढउतार लावत. १९२७ मध्ये ना. सी. फडके यांनी या शास्त्राचा पुरस्कार करणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ही मंडळी दुष्ट होती असं नाही. बरीचशी सुधारक म्हणवणारी होती, आणि म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्याच १९२७ मध्ये बर्लिनला या विषयाची एक मोठी संस्था उघडली, कैसर विल्हेल्म संस्था. प्रमुख होते ऑयगेन फिशर. तिथे पुण्याहून एक मराठी मुलगी शिकायला गेली, इरावती कर्वे. गोऱ्या माणसाची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, असा फिशरचा दावा. इरावतीबाईंनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. गुरूला ते आवडलं नाही आणि बाईंना गुणही कमीच मिळाले. पुढे त्यांनी स्वतः महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापं घेतलीच, ते सोडलं नाही. पण जे दिसलं नाही ते दिसलं असं त्यांनी लिहिलं नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिला धडा हाच होता: थर्मामीटर सांगेल तेच चार्टवर लिहायचं.

त्या संस्थेचं पुढे काय झालं, ते आपण यहुद्यांनी विसरू नये. १९३३ च्या जर्मन कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. त्या शस्त्रक्रियांत डॉक्टरांच्या हाताशी नर्सेसही उभ्या होत्या. आणि युद्धाच्या काळात ऑशविट्झहून डॉक्टर मेंगेले रक्ताचे नमुने पाठवत, ते ह्याच संस्थेकडे.

इथवर सगळं दुसऱ्यांचं सांगितलं. आता घरचं.

१८३६ मध्ये मुंबईच्या बगदादी यहुद्यांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घाला. त्याचा राग आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे. पण आपणही भिंती घातल्याच. 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' हे शब्द जुन्या माणसांना ठाऊक आहेत. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचा शुद्ध वंश तो गोरा, आणि इथल्या बाईच्या पोटचा तो काळा. बेटीव्यवहार नाही, पंगतही निराळी.

आमच्या आजीचं माहेर काळ्या घरातलं. आजोबांनी हट्टाने लग्न केलं, तेव्हा पणजीने दोन वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. हे आईने आम्हाला सांगितलं ते आजी गेल्यावर, तेही दार लावून. आजीचा रंग पणजीपेक्षा उजळ होता, हेही आईनेच सांगितलं. मग मापलं काय होतं?

आपली पाळी १९६२ मध्ये आली. इस्राएलात रब्बींच्या मंडळाने सूचना काढली की बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी, पणजी, जमेल तितकी मागे तपासा. आपली माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात ठिय्या दिला आणि १७ ऑगस्टला तिथल्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. तेव्हा कुणाचं रक्त काढावं लागलं नव्हतं.

आता टोरांटोहून भाच्याच्या मुलाने लाळेच्या तपासणीचा रिपोर्ट पाठवलाय आणि विचारलंय, "मग आपण खरे किती टक्के?" बाळा, २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी आपल्या काही लोकांचे जनुक तपासले. त्यात यहुदी पूर्वजही निघाले आणि हिंदुस्थानी पूर्वजही, दोन्ही भरपूर. म्हणजे त्या हिशेबाने आपण सगळेच 'काळे'. पणजीने हे वाचलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

रिपोर्ट बघ, मजा म्हणून बघ. पण "खरे किती" हा प्रश्न आपण विचारायचा नाही, लग्न जुळवताना तर नाहीच. त्यापेक्षा दोन्ही आज्यांची नावं, त्यांची गावं आणि त्यांना काय सोसावं लागलं ते लिहून ठेव. आमच्या आजीचं आम्ही आज लिहिलं.