मींड आता मिडी कीबोर्डवरही

नवी मुंबई, प्रतिनिधी : वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या रंगमंचावर वाद्यवृंदात ऐकू येणारी सनई वा बासरी अनेकदा कीबोर्डवर वाजत असते. यातील ‘मिडी कंट्रोलर’ या प्रकाराला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोराने दाबली, एवढेच तो संगणकाला कळवतो. त्यासाठीची ‘मिडी’ ही प्रणाली १९८३ मध्ये आली.

पेटीवर मींड निघत नाही, हा जुना आक्षेप. अशाच आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. कंट्रोलरच्या डाव्या बाजूचे ‘पिच बेंड’ चाक ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. चाक पुढे ढकलले की स्वर चढतो, मागे ओढले की उतरतो आणि सोडले की मूळ जागी येतो. त्याचा पल्ला सहसा दोन अर्धस्वरांचा, म्हणजे षड्जापासून शुद्ध रिषभापर्यंत असतो. शुद्ध गंधार गाठायचा असल्यास सॉफ्टवेअरमध्ये तो चार करावा. मात्र चाकाबरोबर दाबलेले सारेच स्वर सरकतात; म्हणून मींड घेताना एका वेळी एकच स्वर वाजवावा. शेजारचे ‘मॉड्युलेशन’ चाक बहुधा स्वराला कंप देते.

गायकाने पांढरी एकऐवजी काळी एक मागितल्यास ‘ट्रान्सपोज’ एका पायरीने चढवावे. बोटे तीच राहतात. गाणे संपताच ते शून्यावर आणण्यास मात्र विसरू नये. अन्यथा पुढच्या गाण्याचा पहिलाच सूर चुकतो.