स्टुडिओ दोनमधला आठवडा

मार्च १९९९ चा पहिला आठवडा. लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओ दोनमध्ये, उंच छताखाली, भिंतीला टेकून तुम्ही उभे आहात. जिना चढून गेलं की कंट्रोल रूम. तिथे निर्माता ख्रिस थॉमस. खाली पॉल मॅकार्टनी, वय ५६, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस डावखुऱ्या पद्धतीने गळ्यात अडकवून.

गिटारवर पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर आणि मिक ग्रीन, ड्रम्सवर डीप पर्पलचा इयन पेस, पियानोवर पीट विंगफील्ड. आज काय वाजवायचंय, हे यांतल्या कुणालाच आधी सांगितलेलं नाही. पॉल एक गाणं सुचवतो. माहीत नसेल तर स्वतः वाजवून दाखवतो. जरा वेळ सगळे चाचपडतात, मग रेकॉर्डिंग सुरू. बेस वाजवता वाजवताच तो गातो आणि तुमच्या पायाखालची जमीन थरथरते.

‘रन डेव्हिल रन’ हा अल्बम असा आकाराला येतो आहे: १५ गाणी, त्यांतली तीन पॉलची, बाकी १२ इतरांची. ही घाई त्याला मुद्दाम हवी आहे. ११ फेब्रुवारी १९६३ ला त्याच्या बीटल्स या गटाने याच इमारतीत एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली होती, त्यांतली सहा दुसऱ्यांची. तेव्हा विचार करायला सवडच नव्हती. आता त्याला ती नको आहे.

गेल्या वर्षी १७ एप्रिलला त्याची बायको लिंडा गेली. स्तनांचा कर्करोग. त्याच आजाराने ऑक्टोबर १९५६ मध्ये त्याची आई मेरी गेली, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. आता अल्बममधल्या गाण्यांच्या यादीकडे बघा. जीन व्हिन्सेंटचं ‘ब्लू जीन बॉप’ १९५६ चं, एल्व्हिसचं ‘ऑल शुक अप’ १९५७ चं, रिकी नेल्सनचं ‘लोन्सम टाउन’ १९५८ चं. आईविना झालेल्या पोराने लिव्हरपूलमध्ये ऐकलेली ही गाणी. जुन्या गाण्यांचा अल्बम म्हणजे उतारवयातला विरंगुळा, असं म्हणणाऱ्यांनी या खोलीत येऊन उभं राहावं. ज्या सुरांनी एकदा सावरलं होतं, त्यांच्याकडेच हा माणूस पुन्हा आला आहे, आणि गळा राखून गात नाही.

मग ‘नो अदर बेबी’. व्हायपर्स या स्किफल (साध्यासुध्या, घरगुती वाद्यांवरचं संगीत) वाजवणाऱ्या गटाचं १९५८ चं गाणं. निर्माता जॉर्ज मार्टिन, बीटल्सचे पुढचे गुरू. पॉलकडे ही रेकॉर्ड कधीच नव्हती. चाळीस वर्षं गाणं नुसतं डोक्यात राहिलं. इथे आवाज खाली उतरतो, बेस जड होतो, आणि तुम्हाला वाटतं, अल्बमचा जीव इथेच आहे.

आता नऊ महिने पुढे चला. १४ डिसेंबर, लिव्हरपूल, मॅथ्यू स्ट्रीट. बीटल्स जिथे वाजवायचे तो मूळ कॅव्हर्न क्लब १९७३ मध्येच बंद झाला. हा पुन्हा बांधलेला. तळघरात जेमतेम काहीशे माणसं, तुम्ही त्यांत चेंगरलेले. गिल्मर आणि पेस इथेही आहेत. पॉल अल्बमबाहेरचं एक गाणं घेतो, एडी कॉक्रनचं ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’. जुलै १९५७ मध्ये, आई जाऊन आठ महिने झाले असताना, वूल्टनच्या चर्चच्या सभागृहात त्याने हेच गाणं एका अनोळखी मुलाला वाजवून दाखवलं होतं. तो मुलगा जॉन लेनन.