नांगराच्या जोडीनं पळायचं कुठं?



शंकरपटाचा विषय निघाला की आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडचा जुना शेतकरी एक गोष्ट बोलतोच: पटासाठीच पोसलेल्या जोडीपुढं नांगराची जोडी काय पळणार? प्रश्न फक्त बैलांचा नाही. ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या शर्यतीतही तो 1958 पासून चालू आहे. जन्मभर बँकेत आकडे पाहिले, त्यामुळे हा इतिहास मला फार आवडला.

ग्लायडर आपल्याला अगदी परकं नाही. पुण्याला हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. ‘रोहिणी’ हे दोघांचं लाकडी ग्लायडर आपल्याच देशात बनलं, 1961 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. दोरानं ओढून वर चढवायचं, दोर सोडायचा आणि वर जाणाऱ्या गरम हवेत घारीसारख्या घिरट्या घालत उंची कमवायची. एक किलोमीटर उंचीवरून जुनं लाकडी ग्लायडर साधारण 25 किलोमीटर जातं; लांब पंखांचं महागडं 60 च्या आसपास. आता या दोघांना एका पटात कसं उतरवायचं?

पहिला उपाय 1958 साली पोलंडमधल्या लेश्नोच्या जागतिक स्पर्धेत झाला. ‘स्टँडर्ड’ गट काढला. पंख 15 मीटरच्या आत, फ्लॅप नको, चाक आत ओढणारं नको. विमान साधं आणि स्वस्त राहावं, हा हेतू. पण पुढं फायबरग्लास आलं, चाक आत घ्यायला आणि पंखात पाणी भरायला मुभा मिळाली. 15 मीटर कागदावर राहिले, स्वस्ताई गेली. बँकेत हेच पाहिलं. मर्यादा आखली की हुशार माणूस तिच्या आत राहूनच मोठा होतो.

दुसरा उपाय, सगळ्यांना एकच विमान. त्यासाठी डिझाइनची स्पर्धा घेऊन वॉर्साच्या तंत्रविद्यापीठाचं ‘पीडब्ल्यू-5’ निवडलं, 1997 मध्ये तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. न्याय शंभर टक्के! पण घरचं जुनं विमान सोडून हे नवं कोण घेणार? गट रोडावत गेला. शेवटी त्याच्या जागी 13.5 मीटरचा गट आला, त्याची पहिली जागतिक स्पर्धा 2015 मध्ये लिथुआनियात झाली.

तिसरा उपाय ‘क्लब’ गटाचा. हँगरमध्ये जे जुनं आहे ते आणा, प्रत्येकाला एक गुणांक देऊ. समजा, चांगल्या विमानाचा गुणांक 1 आणि जुन्याचा 0.8. पहिल्यानं ताशी 100 किलोमीटर काढले, जुन्यानं 82. आता 82 भागिले 0.8 म्हणजे 102.5. जुनं जिंकलं! या गटाची जागतिक स्पर्धा 2001 मध्ये ऑस्ट्रेलियात गॉलरला सुरू झाली आणि टिकली. दोष यातही आहेच. हवा मंद असली की दुबळं विमान वाटेतच उतरतं, आणि न पोचलेल्याला गुणांक तरी किती सावरणार?

आपल्याकडं हे शहाणपण जुनंच. पश्चिम महाराष्ट्रात दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट करतात. पक्के दात दोन वर्षांच्या सुमारास यायला लागतात, म्हणून दात पाहिले की वय कळतं. पण दात वय सांगतात. खुराक आणि किंमत सांगत नाहीत. 2014 च्या बंदीनंतर, डिसेंबर 2021 च्या सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं महाराष्ट्रात पट परत सुरू झाले, बक्षिसं वाढली, तशी ही दरीही वाढली.

माझं मत सरळ आहे. गट ठरवताना आधी गोठ्यात काय आहे ते पाहा, मग नियम लिहा. शेतात राबणाऱ्या जोडीला तिचा वेगळा गावगट आणि मानाचं बक्षीस द्या. नाहीतर पट भरेल, पण त्यात शेतकरी फक्त बघायला येईल.

तुमच्या गावच्या पटात जोड्या कशा लावत? वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा.